समितीने थुंकलेली वाइन

गोड बोलणारी माणसं आणि गडद रंगाची वाइन, एर्सिलियाला दोन्हींची शिसारी होती. मोंफेर्रातोच्या टेकडीवर तिचा ग्रिन्योलिनो द्राक्षांचा मळा. या द्राक्षांची वाइन कांद्याच्या सालीसारखी फिकी उतरते, जिभेला चरचरते आणि शेवटी किंचित कडवट लागते. सासऱ्यांनी तशीच केली, नवऱ्याने तशीच केली, आणि तो गेल्यावर तीही तशीच करत आली होती.

पण बाटलीवर ग्रिन्योलिनो हे नाव छापायचं तर आधी चव घेणाऱ्या समितीने पास करावं लागतं. यंदाची वाइन समितीने दोनदा नापास केली. शेरा एकच, रंग अशक्त. तिसऱ्यांदाही नापास झाली असती, तर नाव जाऊन ती नुसती लाल वाइन म्हणून विकावी लागली असती.

"गाढवाला गुळाची चव काय," असं म्हणत एर्सिलियाने तिसरा नमुना जावयाकरवी भरून पाठवला. तो पास झाला. वर शेरा, रंग उत्तम.

हे 'उत्तम' तिच्या घशाखाली उतरेना. तळघरात जाऊन तिने टाकीतून ग्लास भरला आणि मागे बोट धरलं. ग्रिन्योलिनोतून बोट दिसतं. यातून दिसलं नाही. एक घोट घेऊन तिने तो तिथेच थुंकला आणि जावयाला हाक मारली.

"रेमिज्यो, यात ही गडद बार्बेरा वाइन कुणी ओतली?"

"थोडीशीच, आई. सगळेच ओततात."

"सगळे शेण खातात म्हणून तू माझ्या टाकीत आणून टाकलंस?"

"नाव तर मिळालं ना?"

"कुणाला मिळालं?"



रविवारी ओत्तोरीनो जेवायला आला. तो समितीत होता, आणि तिच्या नवऱ्याचा शाळेपासूनचा मित्र. बसता बसताच म्हणाला, "वहिनी, यंदा कुठे तुम्ही खरी ग्रिन्योलिनो केलीत."

एर्सिलियाने पास झालेल्या वाइनची बाटली उघडली आणि त्याच्या डोळ्यांदेखत मांसाच्या रश्श्यात रिकामी केली. मग घरासाठी भेसळीच्या आधीच काढून ठेवलेल्या बुधल्यातली फिकी वाइन त्याच्या ग्लासात ओतली. ओत्तोरीनो प्यायला, सलामी सॉसेजचा तुकडा खाल्ला, पुन्हा प्यायला. रिकामा ग्लास त्याने पुढे केला.

"ही कुठली हो, वहिनी?"

"तुमच्या समितीने दोनदा थुंकलेली. उद्या समितीच्या कचेरीत जाऊन ते नाव परत करते. टाकीतली सगळी जाऊ दे लाल वाइन म्हणून."

रेमिज्योचा चमचा ताटातच राहिला. ओत्तोरीनोचा ग्लास अजून पुढेच होता. एर्सिलियाने बुधल्याला बूच लावलं.

"रंग अशक्त आहे," ती म्हणाली. "तुम्हाला नाही झेपायची."