पणजोबा शोधणारे गृहस्थ

अमेरिकेत मॉरिसव्हिलला मुलाकडे राहायला गेलो की दुपारी मी लायब्ररीत जायचो. तिथे कोपऱ्यातल्या स्क्रीनपुढे एक गोरे गृहस्थ रोज बसलेले असायचे. नाव मी कधी विचारलं नाही. स्कॉटलंडहून आलेल्या आपल्या पणजोबांना ते जुन्या कागदपत्रांत शोधत होते. मधूनच चष्मा काढून डोळे चोळायचे आणि पुन्हा तीच पानं बघायचे.

एकदा मी विचारलं, "सापडले का?"

"खाणीच्या हजेरीत आहेत, चर्चच्या यादीत आहेत. दगडकामवाल्यांच्या बंधुमंडळाची एकही सभा त्यांनी चुकवलेली नाही," ते थकल्या आवाजात म्हणाले. "पण हसायचे कसे, ते कोणीच लिहिलेलं नाही. तुमचे पणजोबा?"

मी जरा तोऱ्यातच सांगितलं, की आम्हाला शोधावं लागत नाही. श्राद्धाला वडील, आजोबा, पणजोबा अशी तिन्ही नावं घ्यावीच लागतात. मी ती घेऊनही दाखवली.

"काय करायचे तुमचे पणजोबा?" त्यांनी विचारलं.

मला नावापलीकडे काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

इतकी वर्षं श्राद्धाला मी एका अनोळखी माणसाला जेवू घालत होतो.