बर्फाच्या समुद्रावरून

महाडच्या बाजारात मासळीवर बर्फाचा चुरा टाकताना पाहिलं, की आमचे हे घरी परतले तो दिवस आठवतो. लग्नानंतर वर्षभरातच हे एका परदेशी जहाजावर खलाशी म्हणून गेले होते. त्यावरचे शास्त्रज्ञ दक्षिणेच्या बर्फाळ समुद्राचा अभ्यास करत होते. पोलादपूरहून डोंगर चढून हे आले, तेव्हा सारी वाडी अंगणात जमली. "तिकडं दिवस मावळतच नाय," हे सांगत होते. "मंग रातचं जेवलास कवा?" सासूबाईंनी विचारलं, तशी माणसं हसली. मी पदरात धरून आणलेला चहाचा पितळी पेला ह्यांनी उघड्या हाताने घट्ट धरला आणि बोलत राहिले. आत आल्यावर पाहिलं, तर बोटं पोळून लाल झाली होती. "गोठलेला दोर ओढताना बोटांतला जीव गेला. आयेला सांगू नको गो," हे हळूच म्हणाले, "जहाजवाल्यांनी परत बोलवलंय." मी कुणाला सांगितलं नाही. सकाळी सासूबाईंनी स्वतः चहा केला, पेल्याला फडकं गुंडाळलं आणि तो ह्यांच्या हातात दिला. हे त्या फडक्याकडे बघत राहिले. जहाज ह्यांना न घेताच गेलं. त्या पावसाळ्यात ह्यांनी आमच्याबरोबर भात लावला. आता मी सासूबाईंच्या वयाची झालेय, पण त्या हसत्या गर्दीत त्यांना ह्यांच्या बोटांचं ते कसं दिसलं असेल, याचं नवल अजून वाटतं.