उसन्या सतरंजीवरचा पाहुणा

कलाबाईचं बूड एका जागी टेकत नाही. माझी चुलत जाऊ आहे, म्हणून हक्कानं सांगते. जेवायले बसली तरी तिचा एक डोळा दाराकडं असते. कोणाचं लेकरू रस्त्यावर दिसलं की हातातला घास ताटात टाकून उठलीच.

डोणगावात आमच्या गल्लीत मोतीरामची पत्र्याची एक खोली आहे. दोन वर्षांपासून तिथं कलाबाई मजूर बायाइची लेकरं सांभाळते. सोयाबीन सोंगायले, कापूस वेचायले गेलेली बाई सकाळी आठले जाते ते सहाले येते. अंगणवाडी दुपारीच बंद, आन् तान्ह्याले तिथं घेत नाहीत. मंग ते लेकरू वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बाभळीले, झोळीत. तसाच मजुरीले जाणाऱ्या राखीचा गोकुळ एक दिवस झोळीतून उतरला आन् फवारणीच्या औषधाच्या डब्याले तोंड लावलं त्यानं. चार दिवस दवाखान्यात होता. वाचला. कलाबाई त्याच वावरात वेचत होती, पण तिनं पायलं तवर उशीर झाला होता. त्यानंतर ती वेचायले गेलीच नाही. खोली मागून घेतली आन् लेकरं जमा केली.

यंदा मोतीराम म्हणाला, "वहिनी, माझं सोयाबीन ठेवायले जागा नाही. दिवाळीपर्यंत खोली मोकळी करा." ग्रामपंचायतीनं जागा दिली होती, पण भिंती कोण बांधणार? बचत गटाची सचिव मी. म्हणजे दाते शोधायचं लोढणं माझ्याच गळ्यात. एका दुकानदारानं भिंतीवरचं घड्याळ दिलं आन् तीन फोटो काढून घेतले. एक मोठे शेतकरी म्हणाले, दिवाळीनंतर पाहू. दिवाळीनंतर त्यायले काय डोंबल दिसणार होतं?

मंग मलकापूरचे कापसाचे व्यापारी उत्तमराव म्हणाले, शनिवारी अकरा वाजता येतो. मले रात्रभर झोप नाही.

कलाबाई म्हणाली, "अश्विनी, जसं आहे तसं दाखवू."

"येडी का काय तू?" मी म्हटलं. "एवढा मोठा माणूस येऊन राह्यला. झाकली मूठ सव्वा लाखाची."

मंडपवाल्याची सतरंजी आणली, चार खुर्च्या आणल्या. गल्लीतल्या रंगरावच्या घरचा पंखा आणला. शेजारच्या पोरींची खेळणी मांडली. लेकराइले लग्नातले कपडे चढवले. पत्र्याखालच्या आड्याले बांधलेल्या लेकराइच्या झोळ्या सोडून, गाठोडं बांधून दारामागं टाकल्या. सात तान्ही रडतील म्हणून सात घरी वाटून दिली. आमच्या गटातल्या सुभद्राबाईनं पुरणाचे मांडे केले, वांग्याची भाजी केली. आन् कलाबाई? तासाभरात चार वेळा ती सातही घरं फिरून आली. मी म्हटलं, बस वं माय, आता तरी बस. बसली नाही.

उत्तमराव आले. साठीचे, हळू बोलणारे, पांढरे कपडे. चष्मा लावून त्यायनं माझी फाईल वाचली. मांडा खाल्ला, मी आग्रहानं दुसरा वाढला. हात धुतले, पंख्याखाली बसले आन् म्हणाले, "बाई, फार छान चाललं तुमचं. पंखा आहे, खेळणी आहेत, लेकरं गुटगुटीत आहेत. तुम्हाले माझी काय गरज? जिथं काहीच नाही तिथं देतो मी."

खरं बोलायचं तर आता बोलायचं होतं. आन् मी काय केलं? हसत हसत शाल-नारळ दिला. अजूनही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावी वाटते.

गाडी वळली न वळली तं मंडपवाला दारात. दुसरीकडं लग्नाचा मंडप होता त्याचा. सतरंजी गेली, खुर्च्या गेल्या. रंगरावची सून पंखा घेऊन गेली. कपडे उतरले, लेकरं बनियनवर आली. तान्ही परत आली ती रडतच. कलाबाईनं झोळ्या बांधल्या आन् मले म्हणाली, "उत्तमरावाइले फोन लाव. चष्मा राह्यला म्हण."

ते बाजारात एका अडत्याकडं चहाले थांबले होते. अर्ध्या तासात आले आन् दारातच उभे राह्यले. खाली उघडी फरशी. वर पत्रा तापलेला. आड्याले सात लुगड्याच्या झोळ्या. कलाबाईच्या मांडीवर एक, दुसऱ्या हातात झोळीची दोरी.

"चष्मा भिंतीतल्या देवळीत आहे," ती म्हणाली. "माझे हात गुंतले, तुम्हीच घ्या."

त्यायनं चष्मा घेतला नाही. "पंखा कुठं गेला?"

माझी मान खाली. "रंगरावचा होता."

"सतरंजी?"

"मंडपाची."

"आन् लेकरं? ती तरी तुमची का?"

"तीबी नाहीत," कलाबाई म्हणाली. "सहाले त्याइच्या माया नेतात. दिवाळीनंतर खोली नाही. मंग पुन्हा धुऱ्यावर."

एक झोळी हलायले लागली, आतलं लेकरू किंचाळलं. कलाबाईले हात नव्हता, मी तर खांबावाणी उभी. उत्तमराव त्याच पांढऱ्या कपड्यात खाली फरशीवर बसले आन् दोरी धरली. बराच वेळ झोका देत राह्यले. लेकरू निजलं तवा हळूच म्हणाले, "पाया कधी खोदता?"

मले रडू आलं. लाज वाटली म्हणून का आनंद झाला म्हणून, ते सांगता येत नाही.

गाडी गेल्यावर मी म्हटलं, "देवानंच चष्मा विसरवला त्यायले."

"देवानं नाही वं, गोकुळनं. ते हात धूत होते तवा खिडकीत ठेवलेला उचलला होता त्यानं. मी त्याच्या हातून घेतला, पदरात बांधला. देणारच होती." कलाबाईनं मांडीवरचं लेकरू माझ्या हातात दिलं. "मंग ते म्हणाले, तुम्हाले काय गरज. मंग नाही दिला."

एवढं बोलून ती लेकरं मोजायले उठली.