भोपळ्याची मादीफुले

सोमवार, १४ ऑगस्ट १९७८, सकाळी सव्वासात वाजता माझे व्याही मुळशीला आमच्या अंगणात येऊन उभे राहिले. फळाच्या पोटात इतका खोल शिरणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. नेऱ्याच्या शाळेत शास्त्र शिकवून ते निवृत्त झाले होते; शिकवणे मात्र निवृत्त झाले नव्हते. सोयरिकीच्या बैठकीत देण्याघेण्याचे बोलणे चालले असता त्यांनी समोरची काकडी आडवी कापली, तिचे तीन कप्पे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांपुढे फिरवले आणि फुलाचे अंडाशय वाढले की त्याचेच फळ होते, हे सर्वांना पटल्याखेरीज सुपारी फुटू दिली नाही. लग्नाच्या पंगतीत शिकरण वाढणाऱ्याला थांबवून ते म्हणाले, "केळं बिनबापाचं फळ हाय. परागावाचून धरतं." माझ्या थोरल्या बहिणीने त्यानंतर केळे खाल्ले नाही. माणूस मला आवडत असे. तसे त्यांना कधी सांगितले नाही.

त्या दिवशी ते माझ्या पत्रावरून आले होते. सहा वर्षांत सुनेला मूल झाले नव्हते. मुलीला घेऊन जा, असे मी लिहिले होते. मांडवावरच्या भोपळ्याची कोवळी फळेही पिवळी पडून गळत होती. सून बोट दाखवते म्हणून ती कुजतात, असे माझ्या पत्नीचे म्हणणे. तिने सुनेला वेलाखाली जाण्याची बंदी केली होती. मी ती उठवली नाही.

व्याह्यांनी चहा घेतला नाही. लेकीला वेलाखाली बोलावले, नरफूल खुडले, पाकळ्या काढल्या आणि ते मादीफुलात कसे फिरवायचे ते दाखवले. मादीफुलामागे इवला भोपळा असतोच, पराग मिळाला नाही तर तो गळतो, पावसाच्या झडीत माश्या फिरकल्या नाहीत, एवढेच झाले, हे त्यांनी माझ्या पत्नीला वर्गात समजवावे तसे समजावले. सुनेने चार फुले हाताळली. मग ते माझ्याकडे वळले.

"पाव्हणं, गळल्यालं फळ समदी बघत्यात. पराग कुनी बघत न्हाई. पोराला पुन्याला डागदराकडं न्या. मंग सांगा, लेकीला न्हेतो."

"आमच्यात तसली तपासनी करत न्हाईत," मी म्हणालो.

त्यांनी लेकीला ट्रंक भरायला सांगितली. दुपारच्या एसटीने दोघे गेले.

ते चारही भोपळे धरले. मुलाचे दुसरे लग्न केले. त्या सुनेलाही मूल झाले नाही. व्याह्यांना पत्र लिहायचे राहिले.

त्या दिवशी ते गेल्यावर पाऊस पुन्हा सुरू झाला. मी मांडवाला शिडी लावली आणि सुनेने हाताळलेल्या चारही फुलांवर सागाची पाने बांधली.