अण्णाचं बोट

काल लेकीसाठी कॅरम काढला आणि पावडरच्या वासाबरोबर बेंगळुरूच्या के. आर. पुरममधला शनिवारचा क्लब आठवला. माझा मोठा भाऊ अण्णा गतिमंद. त्याच्यासारख्या तरुणांसाठी तो क्लब चालायचा. त्या दिवशी अंतिम सामना होता. अण्णाची एकच सोंगटी उरली होती, तीही भोकाच्या तोंडाशी. त्याला पहिलंवहिलं बक्षीस मिळणार म्हणून आई श्वास रोखून बसली होती. तेवढ्यात समोरच्या मंजू नावाच्या मुलाचा नेम पुन्हा चुकला. अण्णाने मंजूची सोंगटी बोटाने हळूच भोकाकडे सरकवली.

“स्वल्प थांबा अण्णा, असं चालत नाही,” पंच कानडीमिश्रित मराठीत म्हणाले.

“मग त्याची आत कशी जाणार?”

आईला हसू आवरेना.

काल लेकीचा नेम चुकला. शेजारी बसलेल्या अण्णाचं बोट पुढे सरकलं. पंच मी होते. मी खिडकीबाहेर बघत बसले.