तेहतीस आणि चौतीसच्या मध्ये

धडगावच्या पुढे, डोंगराच्या धारेवर एक आश्रमशाळा आहे. हिवाळ्यात तिथून खाली नर्मदेचं पसरलेलं पाणी दिसतं. धुक्यात ते पाणी की आभाळ, कळत नाही. चारुलताबाई तिथे मराठी शिकवायच्या. त्या तळोद्याजवळच्या, सपाटीवरच्या शेतकरी घरातल्या. नऊ वर्षं कवितांमध्ये निवांत गेली. मग गणिताच्या सरांची बदली झाली, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही, आणि सहावीचं गणित बाईंच्या गळ्यात पडलं.

फोनवर त्यांच्या आई, गजराबाई, हसतच सुटल्या. "तू गनित शिकाडी ऱ्हायनी? तुले ते गनितनी भीती वाटे ना वं!"

भीती होतीच. लहानपणी अपूर्णांक आले की चारू खिडकीबाहेर बघत बसायची.

पहिल्याच चाचणीत त्यांनी विचारलं, ०.३५ मोठी की ०.५? छत्तीसपैकी एकतीस मुलांनी ०.३५ लिहिलं. सुरुपसिंगला तर प्रश्नाचंच नवल वाटलं. "मॅडम, पस्तीस मोठेच की. पाच एवढेसे."

बाईंनी पुस्तकातला नियम सांगितला: पाचपुढे शून्य जोडा, मग बघा. मुलांनी जोडलं. दुसऱ्या दिवशी काहींनी अपूर्णांकांच्या शेपटालाही शून्य लावून १/४ चं १/४० करून ठेवलं होतं.

त्या दुपारी बाई हिरमुसून फाटकापाशी बसल्या. शाळेचा चौकीदार गोवाल तिथे टोपल्या विणायचा. तो बांबू उभा चिरत होता. एकाचे दोन, दोनाचे चार. बाई बघत राहिल्या. ऊन अंगावर आलं, डोळे जड झाले, आणि त्या तंद्रीत त्यांना दिसलं की एका टोकाला शून्य आहे, दुसऱ्या टोकाला एक, आणि मधल्या वाटेवर सगळ्या संख्या आपापल्या जागी शांत बसल्या आहेत. कुणी कुणाला ढकलत नाही.

त्या दचकून उठल्या. "गोवालदादा, मला बांबूची एक कामटी द्याल? बरोब्बर एक मीटरची."

"टोपली करता का, मॅडम?"

"नाही. आकडे बसवायचेत."

गोवालला काही उमगलं नाही, पण त्याने कामटी तासून, गुळगुळीत करून दिली. बाईंनी एका बाजूला मोठ्या रेघा कोरून दहा भाग पाडले, प्रत्येकात बारीक रेघांनी पुन्हा दहा. पाठीमागे पाव, अर्धा, पाऊण. मग ती पट्टी वर्गात हातोहात फिरली. मुलं डोळे मिटून बोट सरकवत, आपल्या पवारी बोलीत कुजबुजत. सुरुपसिंगचं बोट पस्तिसाव्या रेघेवर थांबलं, पुढे सरकलं आणि अर्ध्यावर आलं.

"मॅडम, हे पाच एवढेसे नाहीत. हे पाच मोठे तुकडे आहेत."

पुढचे कितीतरी तास असेच गेले. पाऊण मोठा की ०.८? पट्टी उलटायची, बोट ठेवायचं, बघायचं. बाईंना शिकवल्यासारखं वाटतच नव्हतं. मुलांबरोबर कुठेतरी चालत निघाल्यासारखं वाटायचं.

एके दिवशी आशाने विचारलं, "तिसरा हिस्सा कुठे बसतो?" कधी न बोलणारी पोर. तिने पट्टीएवढा दोरा घेतला, त्याची तीन पदरी घडी घातली आणि टोक टेकवलं. तेहतीसच्या पुढे, चौतीसच्या अलीकडे.

"त्या फटीचे दहा भाग केले तर?" बाईंनी विचारलं.

फळ्यावर ती फट मोठी करून काढली. टोक पुन्हा दोन रेघांच्या मध्ये. तिचेही दहा केले. पुन्हा मध्येच. ०.३३३… फळा संपला, घंटा झाली, कुणी उठलं नाही. दारातून धुकं आत येत होतं. खडू हातात धरून बाई उभ्या होत्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना अपूर्णांकांची भीती वाटत नव्हती.

"हे संपणार नाही का?" सुरुपसिंग हळूच म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. "मग मोठं कोण, तिसरा हिस्सा की ०.३३?"

"तिसरा हिस्सा," आशा म्हणाली. "थोडासाच."

वार्षिक परीक्षेत तुलनेचा प्रश्न एकोणतीस मुलांनी बरोबर सोडवला. उरलेल्या सात जणांना घेऊन चारुलताबाई सुट्टीआधीचे चार दिवस व्हरांड्यात बसल्या.