पट्टी लावून खोडलेल्या दोन खोल्या

"त्या खोल्या पत्रान्या शेतस. पडन्यात तरी हलक्याच पडतीन."

नाना असं म्हणाले आणि हेडसरांच्या खोलीतली सगळी माणसं हसली. सात खुर्च्या, सात माणसं. आठवी मी. भिंतीशी उभी, हातात यादी.

मीही हसले.

हे आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे गाळता येणार नाही.

सोनगीरजवळच्या एका गावात सरकारी हायस्कूल आहे. मी तिथे लिपिक आहे. याच शाळेत शिकले आणि पुढे परीक्षा देऊन इथेच नोकरीला आले. यादी केल्याशिवाय मी बाजारालासुद्धा जात नाही. शाळेची इमारत जुनी. दुरुस्त करायची की पाडून नवी बांधायची, हे कोणी सांगत नव्हतं. वरच्या कार्यालयाचं उत्तर ठरलेलं: आधी जाणकारांचा अहवाल, मग प्रस्ताव. बांधकामाला निधी मिळू शकत होता. बांधकाम कोणतं करायचं हे तपासायला मात्र नव्हता. धुळ्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक तपासायला तयार झाले, पण त्यांची फी खोलीमागे होती. शेवटी गावाने वर्गणी काढली. मोठा वाटा नानांनी उचलला. शाळेची जागा त्यांच्या आजोबांनी दिलेली. तेव्हापासून शाळेत शेवटचा शब्द त्यांच्या घरचा. आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायकांच्या बचत गटानेही वर्गणी दिली. सगळ्यांत आधी दिली.

खोल्यांची यादी माझी. दोन दिवस टेप घेऊन फिरले होते. खोल्या अकरा. नऊ दगडी इमारतीत. दहा आणि अकरा मागे, वर पत्रे, कधीतरी तात्पुरत्या म्हणून बांधलेल्या. दहाव्या खोलीपुढे मी लिहिलं होतं, 'मागच्या भिंतीला पोट आलं आहे. कोपऱ्यातल्या फटीत हाताचा पंजा जातो. तातडीचं.' पूर्ण यादीत 'तातडीचं' हा शब्द एकदाच होता.

मी तेवढं वाचलं आणि नानांनी हात वर केला. "फी कमी करनी शे ना? मंग मांगन्या दोन्ही काढी टाक."

हेडसर चाचरत म्हणाले, "नाना, तिथे आठवी-नववीच्या 'ब' तुकड्या बसतात."

मग ते पत्र्याचं वाक्य आलं.

हसून झाल्यावर मी टेबलाशी गेले. पट्टी घेतली. दहा आणि अकरावर रेघ मारली. कागद घाण दिसू नये म्हणून पट्टी.

"तुनं काम साफ रहास, बाई," नाना म्हणाले.

आणि मला बरं वाटलं. तेही लिहून ठेवते.

'ब' तुकडी म्हणजे कोण, हे गावात कोणी बोलत नाही. वस्तीतली आमची पोरं, पलीकडच्या भिल्लांच्या वस्तीतली, भिलाटीतली पोरं. असा नियम कुठेही लिहिलेला नाही. जूनमध्ये तुकड्यांच्या याद्या होतात आणि आडनावं आपापल्या जागी जाऊन पडतात. मीही त्याच दहाव्या खोलीत बसले होते. पावसात पत्रा वाजायला लागला की सर शिकवणं थांबवायचे आणि आम्ही फळ्याकडे बघत बसायचो. आता त्या याद्या कोण करतं? मी करते. इतकी वर्षं मीच करत आले. आधीच्या लिपिकाने घालून दिलेली पद्धत, एवढंच मनाला सांगत आले.

प्राध्यापक आले त्या दिवशी त्यांच्या माणसांनी प्रत्येक खोलीच्या दारावर खडूने आकडा टाकला. एक ते नऊ. बचत गटाची अध्यक्ष अक्का मुद्दाम बघायला आली होती. नात्याने माझ्या आईची चुलतबहीण. ती सगळे आकडे बघत मागे गेली आणि परत माझ्याकडे आली.

"बाई, मांगन्या खोल्यासले आकडा नही लागना?"

"लागेल उद्या."

"हां. तुनी यादी कधी चुकत नही."

ती निघून गेली. मी ऑफिसात जाऊन कपाटाला तोंड करून उभी राहिले. कोणी शिवी दिली असती तर सोसली असती. विश्वास सोसवला नाही.

दुपारी प्राध्यापकांनीच विचारलं, "मागे दोन वर्ग भरलेले दिसतात. यादीत राहून गेले का?"

"राहिले नाहीत," मी म्हणाले. "खोडले."

ते म्हणाले, "मग एक करा. त्या खोल्या तपासायच्या, किंवा त्या वापरात नाहीत असं शाळेचं पत्र द्या."

नाना व्हरांड्यातच होते. "लिखी दे, बाई," ते म्हणाले. "वापरात नाहीत. एक ओळ तर शे."

हेडसरांनी खिशातून पेन काढून माझ्यापुढे धरलं. मागून 'ब' तुकडीचा कवितेचा आवाज येत होता. सगळ्यांना ऐकू येत होता.

"नाही लिहिणार," मी म्हणाले. "खोल्या अकरा आहेत."

"आमनामुये खुर्चीवर बठनी तू."

"बैठकीत मला खुर्ची नव्हती, नाना."

या वेळी कोणी हसलं नाही. नाना चप्पल घालून निघून गेले. वर्गणीतला आपला वाटा त्यांनी काढून घेतला. तपासणी थांबली. आकडे दारांवर तसेच आहेत. बाईमुळे शाळा अडली, असं गाव म्हणतं.

संध्याकाळी वस्तीत गेले. अक्काला सांगितलं की खोल्या नानांनी काढायला लावल्या, पण रेघ माझी.

"ते बोलनात, तवय तू काय बोलनी?"

"हसले."

अक्का उठून आत गेली. चहा ठेवायला नाही. मी थोडा वेळ ओट्यावर बसले आणि घरी आले.

तिने माफ करावं म्हणून मी हे लिहीत नाही. माफीने भिंतीचं पोट आत जात नाही. दुसऱ्या दिवशी दहाव्या-अकराव्या खोलीतली पोरं मी हेडसरांना सांगून प्रयोगशाळेत आणि सभागृहात बसवली. मागच्या दारांना माझ्या हाताने कुलपं लावली. अकरा खोल्यांची नवी यादी केली आणि वरच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवली. भिंतीचे फोटो जोडले. खोडलेली यादीही जोडली. खाली सही माझी.

उत्तर अजून आलेलं नाही. परत पाठवीन.

जूनमध्ये तुकड्यांच्या याद्या करायच्या आहेत. या वेळी दाखले ज्या क्रमाने येतील त्या क्रमाने. पहिला 'अ', दुसरा 'ब', तिसरा 'अ'. आडनावाचा रकाना मी शेवटी भरणार. नाना येतील, समोर खुर्ची ओढून बसतील, आपली पोरं कुठे ते विचारतील.

तोपर्यंत यादी शाळेच्या दाराला डकवून झालेली असेल.